पुलरच्या बदल्यात डावा बूट

सकाळी साडेअकरा वाजता माझ्या साडूने हातोडा खाली ठेवला, ग्रीसने माखलेल्या हातानेच कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाला, "दादा, व्हिडिओत ह्याच्यापुढे त्या माणसाकडे एक वस्तू असते."

"कसली वस्तू?"

"ती आपल्याकडे नाहीये."

सासऱ्यांची गाडी आमच्यासमोर एका अंगाने जॅकवर उचललेली होती, इंजेक्शन घ्यायला बाही वर केलेल्या माणसासारखी. पुढचं डावं चाक निघालं होतं. चाकामागचा हब निघाला होता. पण हब ज्याच्यात फिरतो आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, ते बेअरिंग मात्र आपल्या भोकात ठाण मांडून बसलं होतं. साडूने दोन तास हातोड्याने त्याची समजूत काढली. ते केसभरही हललं नाही. समोरच्या घरातली दोन माणसं तेवढी बाहेर येऊन बघून गेली.

सासरे, म्हणजे आमचे आबा, बाजूला स्टुलावर बसले होते. मांडीवर स्टीलचं पातेलं, पातेल्यात चाकाचे चार नट. आबांनी मध्ये मध्ये करू नये म्हणून साडूनेच त्यांना "नट सांभाळा" हे काम दिलं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस तीन तास चार नट सांभाळत होता आणि एक शब्द बोलला नव्हता. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

भानगड अशी होती. गाडी वीस वर्षांची. तिला पुढे रस्त्यावर ठेवायचं तर तपासणी केंद्राचा शिक्का हवा. वाढवून मिळालेली मुदत आज संपत होती. काल तपासनीस साहेबांनी पुढचं डावं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं आणि ते खरोखर हललं. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. 'पुढचे डावे चाक हलते' एवढं पहिलं वाक्य वाचूनच माझं तोंड उतरलं आणि मी चिठ्ठी घडी करून खिशात घातली. आज पाचच्या आत शिक्का नाही बसला, तर नोंदणी रद्द आणि गाडी भंगारात.

गाडी गेली असती तरी जग बुडालं नसतं. पण घरातल्या दोन बहिणींनी, म्हणजे माझ्या आणि साडूच्या बायकोने, फोनवर आधीच ठरवून टाकलं होतं. नवी गाडी आता घ्यायची नाही. आबांनी आता चालवायचंच नाही. "कुठे जायचं असेल तर आम्ही सोडू ना!" आबांनी ते दाराआडून ऐकलं. रात्री मला एकट्याला गाठून म्हणाले, "जावईबापू, सोडू म्हणजे काय हो? मी काय कबुतर आहे?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

सगळ्या गॅरेजवाल्यांनी एकच वार सांगितला, गुरुवार. जणू गुरुवारी त्यांची जत्रा भरणार होती. तेव्हा साडू पुढे सरसावला. हा माणूस दुरुस्तीचे व्हिडिओ दुप्पट वेगाने बघतो, त्यामुळे कुठलंही काम निम्म्या वेळात होतं अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. त्याच्या घरी त्याने दुरुस्त केलेला एक पंखा आहे. तो लावला की उकडतं.

"आबा, पंधरा मिनिटांचं काम," तो म्हणाला होता.

आता त्या पंधरा मिनिटांना तीन तास झाले होते. हबचा मधला मोठा नट सोडायला लागणारा पाना आमच्याकडे नव्हता, म्हणून त्याने छिन्नी लावून तो नट ठोकून ठोकून फिरवला. नट निघाला, पण त्याच्या सहाही कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झाल्या. जुन्या बेअरिंगची एक कडी हबला चिकटून आली होती, तीही त्याने छिन्नीने उडवली. हे त्याचं दिवसातलं एकमेव निर्विवाद यश.

"त्या वस्तूला म्हणतात काय?" मी विचारलं.

"पुलर. लांब स्क्रू असतो, दोन्हीकडून वाट्या लावायच्या आणि कसत जायचं. बेअरिंग आपोआप बाहेर."

"आणि ही गोष्ट तुला हबावर हातोडा घालायच्या आधी माहीत होती?"

"तेव्हा तो भाग आलाच नव्हता ना व्हिडिओत."

मी आबांचा लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारा चष्मा मागून घेतला, गाडीखाली आडवा झालो आणि बेअरिंगवर मुंगीच्या अक्षरात कोरलेला नंबर वाचून तळहातावर लिहिला. उठलो, चष्मा शर्टाच्या खिशात घातला आणि साडूच्या मागे स्कूटरवर बसलो. त्या खिशात घातलेल्या चष्म्याचा मला पुढे किती पश्चात्ताप होणार होता, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी तो तिथेच पातेल्यात नटांबरोबर ठेवला असता.

हार्डवेअरच्या पहिल्या दुकानात त्यांनी खिळे उपटायचा पुलर दाखवला. दुसऱ्यात नळ उपटायचा. तिसऱ्या दुकानदाराने एक आकडा दाखवला, तो कशासाठी आहे ते त्यालाच माहीत नव्हतं, पण "घेऊन तर जा, कशाला तरी लागेल" असा त्याचा आग्रह होता. चौथं दुकान गाड्यांच्या सुट्या भागांचं. तिथल्या माणसाने माझा तळहात ज्योतिष्यासारखा वाचला आणि नवं बेअरिंग काउंटरवर ठेवलं.

"जुनं काढणार कशाने?"

साडूने हवेत हातोडा मारून दाखवला.

"हं," तो म्हणाला. "पुलर ह्या भागात एकाच माणसाकडे आहे. बस वर्कशॉपात स्टोअरकीपर होता, आता रिटायर झालाय. देतो तो, पण त्याच्या पद्धतीने देतो." मग काउंटरवरून वाकून त्याने आमचे पाय बघितले. "बूट बरे आहेत तुमचे. जा."

बुटांचा काय संबंध, ते विचारायचं आम्हाला सुचलं नाही. पाऊण वाजला होता.

स्टोअरकीपरच्या घराच्या बाजूला एक पत्र्याची खोली होती. तिला दार होतं, पण व्यवहार खिडकीतून. खिडकीला जाळी, जाळीत मांजर जाईल एवढं भोक, भोकाशी घंटी. पाटी होती: 'वेळ ९ ते ४. चारनंतर घंटी वाजवू नये. चारआधी एकदाच वाजवावी.'

साडूने तीनदा वाजवली.

आतून बराच वेळ काही नाही. मग एक बारीक, ताठ, पांढऱ्या भुवयांचा माणूस जाळीशी आला. त्याच्यामागे अख्खी भिंत हत्यारांची. प्रत्येक हत्याराच्या मागे त्याच हत्याराच्या आकाराची काळी सावली रंगवलेली. हत्यार बाहेर गेलं की सावली उरते, म्हणजे काय बाहेर आहे ते झोपेतही कळावं. आणि जिथे जिथे नुसती सावली होती, तिथे खिळ्याला दुसरंच काहीतरी अडकवलेलं. एका सावलीवर घराच्या किल्ल्यांचा जुडगा. एकीवर कुबडी. पाइप पान्याच्या सावलीखाली फळीवर पाण्याचा पेला, आणि पेल्यात वरच्या दातांची कवळी.

"तो येईल एवढ्यात," स्टोअरकीपर माझी नजर बघून म्हणाला. "जेवायच्या आत येतोच. काय हवंय?"

साडूने सगळं सांगितलं. सांगताना 'छिन्नी' हा शब्द आला तेव्हा स्टोअरकीपरने कुणी गेल्याची बातमी ऐकावी तसे डोळे मिटले. मग बेअरिंग हातात घेतलं, कॅलिपरने मापलं, भिंतीवरून पुलर आणि डब्यातून वाट्या काढल्या आणि मोजून कापडात बांधल्या.

"अकरा नग. काय ठेवताय?"

"म्हणजे काका?"

"वर्कशॉपात प्रत्येकाला पितळी बिल्ला असायचा. हत्यार घेतलं की बिल्ला खिळ्याला. इथे बिल्ले नाहीत. म्हणून ज्याच्यावाचून तुमचं अडेल अशी वस्तू ठेवायची."

साडूने रुबाबात मोबाइल पुढे केला.

"वाजतो," स्टोअरकीपर म्हणाला.

मी मनगटावरचं घड्याळ काढलं.

"घड्याळावाचून कुणाचं अडत नाही. उलट माणूस सुधारतो." आणि त्याची नजर हळूहळू खाली उतरली. "डावा बूट."

"दोन्ही घ्या की," मी म्हणालो. मला वाटलं विनोद चाललाय.

"दोन्ही घेतले तर तुम्ही अनवाणी चालायला शिकाल. एक घेतला की परत येता."

माझा डावा बूट पुलरच्या सावलीवर लटकला. मी एका मोज्यावर उभा राहिलो.

"आता तो मोठा नट परत कशाने कसणार?" त्याने विचारलं.

"छिन्नीने…" साडू बोलून गेला.

"गोटी लागेल. बत्तीसची." नटावर टोपीसारख्या बसणाऱ्या, जाड पोलादी गोटीवर त्याने मायेने फुंकर मारली. "ही वेगळी नोंद. वेगळी वस्तू."

साडू स्वतःचा बूट सोडायला वाकला.

"बूट झाला. एका गिऱ्हाइकाकडून एकाच प्रकारची दोन तारणं घेत नाही. ते खिशात काय आहे? चष्मा?"

"माझा नाहीये तो, काका. सासऱ्यांचा आहे."

स्टोअरकीपरच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान दिसलं. "मग तर नक्की परत याल."

मी साडूकडे बघितलं. साडूने घड्याळाकडे बघितलं. सव्वा वाजत होता. चारच्या आत परत यायचंच आहे, तोपर्यंत आबांना चष्मा कशाला लागतोय, नट तर ते बोटांनी चाचपून सांभाळतातच. असा विचार करून मी चष्मा भोकातून आत सारला. ज्यांना आयुष्यात असले विचार सुचतात, त्यांनी सासुरवाडीला जाऊ नये.

स्टोअरकीपरने वहीत लिहायला घेतलं. "काम कुठे?" मी पत्ता सांगितला. "कामानंतर गाडी कुठे?" तपासणी केंद्र, पाचच्या आत. तेही लिहिलं. "हब बसवताना आतल्या कडीला मागून आधार द्या, नाहीतर नवं बेअरिंग जन्मतःच मरेल. आणि चाळीस वर्षांत माझी एकही वस्तू रात्रभर बाहेर राहिलेली नाही."

"राहिली तर काय करता?" साडूने विचारलं.

"राहिलेली नाही," असं म्हणून त्याने जाळीचं भोक बंद केलं.

घरी पोचलो तेव्हा आबा तिथेच होते, पातेलंही तिथेच. त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. मीही खिशाचा विषय काढला नाही.

पुलर मात्र एक नंबर होता. वाट्या लागल्या, स्क्रू लागला, मी पाना ओढू लागलो. आधी काहीच होईना. मग हाताला स्क्रू ताणल्यासारखा जाणवू लागला, माझ्या खांद्यात कळ आली आणि बंदुकीचा बार काढावा तसा 'टाऽण' आवाज झाला. साडू जमिनीवर आडवा झाला.

"मेलो का?"

"बेअरिंग सुटलं, मूर्खा!"

आबा स्टुलावरून अर्धे उठले होते. परत बसले. पण आता त्यांचा हात पातेल्यातले नट गोल गोल फिरवू लागला. टिण टिण टिण. तो आवाज डोक्यात घुसत होता आणि थांबवा म्हणायची सोय नव्हती.

अडीच वाजता जुनं बेअरिंग बाहेर. सव्वातीनला नवं आत. आता त्याच्यापुढे एक स्प्रिंगची कडी खाचेत बसवायची होती. ती बसली तर बेअरिंग जागेवर राहतं, नाहीतर चालत्या गाडीत सरकतं. साडूने पकडीने ती दाबली, जीभ दाताखाली धरली, कडी अलगद खाचेशी नेली…

टिंग.

कडी गेली. कुठे गेली, देव जाणे. आम्ही दोघं गुडघ्यांवर आलो. कुंडीमागे बघितलं, नालीत बघितलं, साडूने स्वतःच्या कॉलरमध्ये हात घालून बघितलं. आबा पातेलं घेऊनच वाकले. तीन वाजून पस्तीस मिनिटं. तिघं मोठी माणसं अंगणात रांगत होतो आणि एकमेकांना "तिकडे बघितलंस का, तिकडे?" म्हणत होतो.

"व्हिडिओत त्याची उडाली नव्हती," साडू रडवेला होऊन म्हणाला.

"व्हिडिओतल्या माणसाला सासरे नव्हते," मी उठत म्हणालो, एक पाऊल मागे टाकलं आणि जोरात किंचाळलो. मोज्यातून तळपायात काहीतरी रुतलं होतं. कडीच होती ती. पायात बूट असता तर ती मला जन्मात सापडली नसती.

चार वाजायला पाच कमी असताना हब बसला. मागून आधार देऊन, अगदी सांगितल्यासारखा. मी हाताने फिरवला. लोण्यासारखा फिरला. साडूच्या डोळ्यांत पाणी आलं. आता नट. गोटी नटावर ठेवली तर कुरतडलेल्या कडांवर बसेना. साडूने हातोड्याने ठोकून बसवली. मोठा दांडा लावून आम्ही दोघं त्यावर लोंबकळलो. नट कसला गेला. मी दांडा काढला आणि गोटी ओढली.

गोटी येईना.

साडूने ओढली. दोघांनी ओढली. ठोकून बसवलेली गोटी त्या कुरतडलेल्या नटावर अशी बसली होती की जणू कारखान्यातूनच तशी आली होती. चार वाजून सात मिनिटं झाली.

"फोन कर त्यांना."

"त्यांच्याकडे फोन नाही, दादा. वाजतो ना."

चार वाजून बारा मिनिटांनी साडूने एक गोष्ट शोधून काढली. चाक गोटीसकट बसतं. चाकाच्या मधल्या भोकातून गोटी बोटभर बाहेर येते, एवढंच. आबांनी पातेल्यातून एकेक नट असा काढून दिला की जणू दागिने देत होते. मग ते आत गेले, हात धुतले, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले आणि छातीवरचा खिसा चाचपू लागले.

"माझा चष्मा?"

"आहे, आहे," मी म्हणालो. "तिथे देतो. आत्ता मीच चालवतो, तुम्ही दमलाय."

साडू तिकडे वळून हत्यारं गोळा करायला लागला. त्या क्षणी माझा त्याच्यावर फार जीव जडला आणि त्याला गळा दाबून मारावं असंही वाटलं.

क्लचवर माझा नुसता मोजा. त्यात तळपायाला कडीची जखम. गाडी मात्र आवाजच करत नव्हती. गेली दोन वर्षं ती घूंऽऽ करत यायची. आबा गल्लीच्या तोंडाशी आले की घरात चहाचं आधण चढायचं. आता इतकी शांतता होती की मागच्या सीटवर साडू आवंढा गिळायचा तोही ऐकू येत होता. शेजारून जाणारा प्रत्येक जण आमच्या डाव्या चाकाकडे बोट दाखवून ओरडत होता. चाकातून बाहेर आलेली गोटी गरगर फिरत होती. साडू खिडकीतून हात जोडून सगळ्यांना सांगत होता, "माहीत आहे, माहीत आहे, थँक्यू."

केंद्रात शिरलो तेव्हा चार चाळीस. तपासनीस साहेबांनी फळीला लावलेला तक्ता काढला. डावं चाक दोन्ही हातांनी धरलं, ढकललं, ओढलं. चाक हललं नाही.

"बेअरिंग ठीक." टिक केलं. मग त्यांची नजर गोटीवर गेली. "हे काय बाहेर आलंय?"

"मजबुती, साहेब," साडू म्हणाला.

साहेबांनी तक्ता वरून खाली वाचला. मग खालून वर. टायर, नट, हादरे, गळती. "ह्याला रकाना नाही," ते नाराजीने म्हणाले आणि पुढे सरकले. "चला, मालक कोण? तुम्ही? एक फेरी मारा. त्या खांबाला वळसा, तीसच्या वर जायचं नाही आणि परत येऊन ह्या पांढऱ्या पट्टीवर थांबायचं."

"म्हणजे आबांनी?" मी विचारलं.

"चिठ्ठीत लिहिलंय की."

मी चिठ्ठी उघडली. दुसरं वाक्य: 'मालकाने स्वतः गाडी चालवून दाखवावी.' कालपासून ते माझ्या खिशात होतं.

आबा कधीच स्टिअरिंगमागे जाऊन बसले होते. साहेबांनी त्यांचं लायसन्स उलटं सुलटं केलं. "ह्यावर चष्मा लिहिलाय. चष्मा कुठाय? ह्याला रकाना आहे."

आबांनी खिडकीतून माझ्यासमोर हात पसरला. नुसता हात.

"आबा," मी म्हणालो, "चष्मा स्टोअरकीपरकडे आहे. मी तारण ठेवला."

"कशाबद्दल?"

"गोटीबद्दल."

आबांनी हात मागे घेतला. तो हात स्टिअरिंगवर ठेवला. दुसराही ठेवला. "माझा चष्मा," ते सावकाश म्हणाले. "मला न विचारता. म्हणजे तुम्हीही त्यातलेच. आबांना काय लागतं, कधी लागतं, ते बाकीच्यांनी ठरवायचं."

मला वाटलं, ओरडावं त्यांनी. सगळ्यांसमोर कानाखाली मारावी. जमीन दुभंगती तर मी साडूला घेऊन आत गेलो असतो.

"मी बिनचष्म्याचा मारतो फेरी," आबा साहेबांना म्हणाले.

"जमणार नाही."

"अहो, दिसतं मला."

"तो खांब दिसतो?"

आबांनी समोर बघितलं. डोळे बारीक केले. खूप वेळ बघितलं. मग खरं ते बोलले. "नाही."

चार एकोणपन्नास. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. मी म्हणालो, मी स्कूटरने… पण स्कूटर घरी होती. रिक्षाने गेलो तरी जाऊन येऊन चाळीस मिनिटं, आणि तिकडे खिडकी बंद. साडू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आबा उतरले नाहीत. गाडीत बसून राहिले, दोन्ही हात स्टिअरिंगवर, जसं कुणीतरी येऊन ते हात सोडवणार होतं आणि त्याआधी जेवढं धरता येईल तेवढं धरायचं होतं.

तेवढ्यात फाटकाशी सायकलची घंटी वाजली. एकदाच.

पांढऱ्या भुवया घामाने चिकटलेल्या, कॅरिअरला पिशवी, पिशवीतून माझ्या बुटाची टाच बाहेर. वहीत 'कामानंतर गाडी कुठे' हा रकाना कशासाठी होता, ते मला तेव्हा कळलं.

"चारला खिडकी बंद केली," स्टोअरकीपर धापा टाकत म्हणाला. "दोन सावल्या रिकाम्या. माझी वस्तू रात्रभर बाहेर राहत नाही."

"काका, चष्मा द्या आधी! पाचला बंद होतं सगळं!"

"वस्तूच्या बदल्यात वस्तू."

"अहो, माणसाची गाडी जातेय!"

"म्हणून तर सायकल हाणत आलो. चला, मोजा पटापटा."

साडूने डिकीतून पुलरचं गाठोडं काढून उलटं केलं. स्टोअरकीपर जमिनीवर बसून मोजू लागला. तपासनीस साहेबही वाकून बघू लागले. दुसऱ्याचा रकाना कसा भरतात ते बघायला त्यांना आवडत असावं. "…आठ, नऊ, दहा. अकरावा?"

चार बावन्न. अकरावा नग नव्हता. आम्ही डिकी बघितली, सीटखाली बघितलं. साडू उडी मारून मागे वळला आणि त्याच्या पँटमध्ये खळकन वाजलं.

"खिशात काय आहे तुमच्या?" स्टोअरकीपर म्हणाला.

"तो वायसर ना… तो उरला होता. मला वाटलं जास्तीचा आहे."

"जास्तीचं काही नसतं," स्टोअरकीपर आणि तपासनीस साहेब एकदमच म्हणाले आणि एकमेकांकडे आदराने बघू लागले.

बूट माझ्याकडे आला. आता गोटी. स्टोअरकीपर चाकाशी बसला. खिशातून बोटाएवढी हातोडी काढली. आम्ही दोघांनी दात विचकून ओढली होती ती गोटी त्याने ओढलीच नाही. नुसती भोवतीने टकटक करत गेला, डॉक्टर पाठ तपासतो तसा. एक फेरी, दुसरी फेरी. चार छप्पन्न. साहेबांचा हात शटरच्या दोरीकडे गेला. तिसऱ्या फेरीला गोटी स्वतःहून त्याच्या तळहातात उतरली.

त्याने आधी ती पुसली. मग शर्टात जपून ठेवलेला चष्मा काढला. मी हात पुढे केला, पण तो माझ्या हाताला वळसा घालून खिडकीशी गेला.

"ह्यांनी ठेवला होता," तो आबांना म्हणाला. "पण माल तुमचा. तुम्हीच सही करा."

आबांनी सही केली. चष्मा घातला. आरसा सारखा केला. गाडी निघाली.

पहिल्या वीस पावलांतच ती भरधाव सुटली. साडूने माझा दंड धरला. मला कळलं काय झालं ते. आबा दोन वर्षं वेगाच्या काट्याकडे बघत नव्हते. ते बेअरिंगच्या आवाजावर चालवत होते, घूं म्हणजे तीस आणि शिटी म्हणजे साठ. आता आवाजच नव्हता, त्यामुळे त्यांच्या हिशोबाने गाडी अजून उभीच होती. खांब समोर येत होता. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"आबा, काटा!" मी ओरडलो. अर्थातच त्यांना ऐकू गेलं नसणार.

पण त्यांची मान खाली वाकली. चष्मा चमकला. गाडी मंदावली, खांबाला सावकाश वळसा घालून परत आली आणि पांढऱ्या पट्टीवर दुरुस्त केलेलं डावं चाक टेकवून उभी राहिली. चार एकोणसाठ.

शिक्का बसला तेव्हा साडू एवढ्या जोरात दचकला की साहेबांनी त्याला पाणी दिलं.

परत जाताना सायकल डिकीत अर्धी आत, अर्धी बाहेर. स्टोअरकीपर पुढे, आम्ही दोन्ही जावई मागे. कुणीही "मी चालवतो" म्हणालं नाही. आबांनी एकदाही आरशातून मागे बघितलं नाही. मला वाटलं, माझ्यावरचा राग गिळतायत.

मग ते म्हणाले, "जावईबापू, गाडी चालू आहे की बंद, तेच कळत नाही हो."

"काट्याकडे बघा, आबा."

"काट्याकडे बघू तर रस्ता कोण बघणार? तुम्ही?"

आणि गाडीने वेग घेतला तसे ते नाकातून स्वतःच आवाज काढू लागले. घूंऽऽऽ. वळणावर कमी, सरळ रस्त्याला जास्त. स्टोअरकीपरने खिशातून वही काढली, काहीतरी लिहिलं आणि परत ठेवली. चाळिसाच्या पुढे गेल्यावर साडूही घूं करू लागला.

"तू थांब," आबा आरशातून त्याला म्हणाले. "तुझा आवाज बेअरिंग गेल्यासारखा येतोय."